लाइन वेगळी, फोन वेगळा

रिव्हर्टन, मॅनिटोबा
३ ऑक्टोबर १९९३

प्रिय हाल्टी,

तू बरा असशील, हेल्गा आणि मुलीही. इथे आईचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे चालतंय. बटाटे काढून झाले. सकाळी गवतावरचं दहिवर गोठलेलं असतं, दुपारपर्यंत वितळतं.

तुझं पार्सल मिळालं. यंत्र आज बसवलं. तू काढून पाठवलेलं चित्र सुंदर होतं, पण त्यातलं तळघर आपलं नव्हतं. आपल्या तळघरात दिवा जिन्याच्या मागे आहे आणि फोनची डबी लोणच्यांच्या फळीआड. बरण्या उतरवल्या, झाकण काढलं, तर आत तारांच्या दोन जोड्या. चित्रात एकच होती.

खालून आईला हाक मारली, "आई, यातली लाइन कुठली?"

ती कठड्याला धरून उतरली. मी नको म्हणत होते. तिने चष्मा पुसला, वाकून पाहिलं, आणि काळ्या रबराच्या जोडीवर बोट ठेवलं.

"ही लाइन."

"मग ही दुसरी?"

"तो फोन."

मला हसू आलं. तिला नाही आलं. मी काळ्या जोडीला दोन्ही चिमटे लावले, वायर टेपरेकॉर्डरमध्ये खोचली, बरण्या परत लावल्या. तू लिहिलंस तसं आता आवाज आला की टेप फिरेल, थांबला की थांबेल.

हे काय आहे, असं तिने विचारलं. कंपनीची तपासणी आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "ऐकायचं असेल तर उचलून ऐकावं गं. आम्ही तसंच करायचो. तळघरात कशाला?"

म्हणजे तिला कळलंय. कळूनही तिने चिमटे लावताना बॅटरी धरली.

दर फोनच्या शेवटी ती "ठेव आता, लोआ" म्हणते, हे मीही ऐकते. तुला ते भयंकर वाटतं. मी ते सवयीत जमा केलं होतं. इतकी वर्षं सात घरांना एकच लाइन होती. घंटी कोणाकडेही वाजो, रस्त्यापलीकडची लोआ उचलून ऐकत बसायची, आणि ती ठेवेपर्यंत दुसऱ्या कोणाला फोन करता यायचा नाही. म्हणून बोलणं संपलं की सगळेच तिला ठेवायला सांगायचे. तू तर तिचा आवाज काढून सांगायचास. पण लोआ गेली, तिच्याआधी तिचा नवरा स्टेनी गेला, त्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आणि आता ज्याचा त्याचा फोन वेगळा आहे. तेव्हा आई कोणाला सांगते, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. मी शाळेच्या लायब्ररीत असते तेव्हा ती दिवसभर फोनवर काय बोलते, हेही मला ठाऊक नाही.

डॉक्टर या महिन्याच्या शेवटी तिला बघायला येणार, गिमलीच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय, आणि टेप ऐकली की त्याला फार विचारावं लागणार नाही, असं तू लिहितोस. यंत्र लावायला मी हो म्हटलं होतं. बाकी कशाला अजून म्हटलेलं नाही. हे आपलं लिहून ठेवते.

एक सांगायचं राहिलं. आई हल्ली माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. आपला कप आपण धुते. परवा कॉफी दिली तर "उगाच त्रास घेतलास" म्हणाली. गुडघ्यामुळे असेल.

मुलींना जपून ने-आण कर. रस्ते निसरडे होतील.

रूना


रिव्हर्टन
१४ ऑक्टोबर १९९३

प्रिय हाल्टी,

ख्यालीखुशाली मागच्यासारखीच. आई बरी आहे. शेजारच्या सॉनीने सरोवरातले दोन पिकरेल मासे आणून दिले, एक तळला, एक ठेवलाय.

टेप पाठव, असा तुझा निरोप शाळेत मिळाला. टेप पाठवत नाही. पहिल्यांदा वाटलं की चिमटा सैल आहे. आईचा आवाज फार लांबून येत होता, शेताच्या पलीकडून कोणी बोलावं तसा. तुझा तर शब्दही लागत नव्हता, नुसती गुणगुण. म्हणून फोनवाल्या डानिल्चुकला बोलावलं. तू त्याला ओळखतोस, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून तुझा डबा खायचा.

त्याने बरण्या उतरवल्या, आत बॅटरी मारली आणि जिन्यावर बसून हसला.

"रूना, हे कोणी जोडलं?"

"मी."

"मेलेल्या तारेला जोडलंयस तू. ही जुनी सामाईक लाइन. इथून निघते, रस्ता ओलांडते आणि लोआच्या दाराजवळच्या खांबावर संपते. पुढचे खांब आम्ही उपटून नेले. माझ्याच हातांनी कापलीय मी ती."

"म्हणजे तिच्यावर काहीच येणार नाही?"

"फुकट बोलता येईल की. पलीकडे उचलणारं माणूस तेवढं शोध." मग टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाला, "टेप एवढी फिरली कशी?"

मी म्हटलं, तपासायला फिरवली. कॅसेट तो यायच्या आधीच काढून घेतली होती. तो म्हणाला, शेजारून तारा गेल्या की कधीकधी थोडा आवाज गळतो. हे कारण मला बरं वाटलं. त्याने चिमटे उचलून दुसऱ्या जोडीवर ठेवायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. का, म्हणाला. मी म्हटलं, चहा घेणार का.

आता तुला जे सांगता येईल ते सांगते. गळलेला आवाज लांबचा असतो, ते ठीक. पण टेपवर जवळचा आवाजही आहे. अगदी जवळचा, तोंडापाशी फडकं धरल्यासारखा. कोणीतरी श्वास घेतं. साखरेचा खडा दाताखाली फुटतो. सुया वाजतात, विणकामाच्या. खुर्ची करकरते. आणि एक घड्याळ अर्ध्या तासाला एक टोला देतं, टोल्याच्या आधी खरवडल्यासारखं करून. आपल्या घरात असलं घड्याळ नाही. लोआकडे होतं. लाइनवर ती किती हळू श्वास घेऊन बसली तरी ते घड्याळ तिला पकडून द्यायचं.

ते लिलावात हेल्गाने घेतलं. तुमच्याकडे ते चालतं का, एवढं बघून कळव. हेल्गा म्हणाली होती, नुसतं शोभेला टांगलंय.

आईचं बोलणं ऐकताना असं वाटतं की आपण आपल्या घरात नाही. रस्त्यापलीकडे कुठेतरी बसून आपल्या घराकडे कान लावलाय. शेवटी आई लांबून "ठेव आता, लोआ" म्हणते. मग इथे, जवळ, रिसीव्हर ठेवल्याचा आवाज येतो.

मी ते डॉक्टरला ऐकवू? तूच सांग, त्यावरून कोण वेडं ठरेल?

बाकी टेपवर विशेष काही नाही. पण मला एक लिही. गेल्या रविवारी तू आईशी काय बोललास? फोन करून सांगू नकोस. लिही.

रूना


रिव्हर्टन
२९ ऑक्टोबर १९९३

प्रिय हाल्टी,

आई बरी आहे. आधी ते लिहिते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

मी लिही म्हटलं होतं, तू शाळेत फोन केलास. मागे पोरं पुस्तकं बदलायला उभी होती. तू म्हणालास, नेहमीचंच बोललो, हवा, गुडघा, मुलींच्या परीक्षा. आणि घड्याळ बंद आहे, पहिल्यापासून बंद आहे, मधेच घड्याळाचं काय काढलंस, म्हणून चिडलास. मी बरं म्हटलं आणि ठेवलं.

आता मी लिहिते, त्या रविवारी काय बोललास ते.

तुझे शब्द टेपवर लागत नाहीत, हे खरं आहे. पण तुला आठवत असेल, स्टेनीला ऐकू यायचं नाही. लोआ लाइनवर जे ऐकायची ते एका हाताने रिसीव्हर झाकून त्याला मोठ्याने सांगायची. तो स्टोव्हजवळ बसून "हा?" म्हणायचा आणि ती पुन्हा सांगायची. लग्नं, आजारपणं, कोणाची गाय कुठल्या भावाला गेली, सगळं त्याला असंच कळायचं.

मागच्या पत्रात मी विशेष काही नाही म्हणाले, ते हे होतं. जसं आहे तसं उतरवते, आईला ती दोघं वेगा म्हणायची तसंच.

"हाल्टी बोलतोय. परत तेच."

"हा?"

"तेच म्हणतोय. रूनाच म्हणाली, आई इथे नको. रूना थकली. तोंडावर सांगायला तिला जमत नाही, म्हणून मी सांगतो, म्हणतोय."

"रूना असं म्हणाली?"

"तो म्हणतोय, म्हणाली."

"खोटं बोलतोय."

"श्श. ऐकू दे."

"वेगा काय म्हणते?"

"वेगा काही बोलत नाही."

सुया थांबतात. मग पुन्हा: "वेगा म्हणते, बरं. कधी निघायचं ते सांग, म्हणते. रूनाला दोष देऊ नकोस, म्हणते."

हाल्टी, मला आधी वाटलं, मीच हे ऐकण्याची वाट बघत होते म्हणून मला ऐकू आलं. कोणालाही असंच वाटेल. म्हणून मी आईला विचारलं. मी भांडी विसळत होते, ती पुसत होती. म्हटलं, मी तुला इथे नको आहे, असं हाल्टी तुला म्हणाला का?

तिने ताटली पुसून फळीवर ठेवली. "तू लाजत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं आपणच सोपं करावं."

तिच्या पलंगाखाली जुनी पत्र्याची पेटी भरून तयार होती. गरम मोजे, बाबांचा फोटो, नाताळच्या वीनारतेर्ता केकचा साचा. वृद्धाश्रमात भट्टी कोण हातात देणार तिच्या? तरी साचा घेतला होता. मी तिच्यासमोर एकेक वस्तू जागेवर ठेवली. ती खुर्चीत बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "साचा खालच्या फळीवर असतो." मग मी कॉफी केली आणि आम्ही दोघींनी एकत्र घेतली. कप मी धुतले.

मला हे कसं कळलं, ते तिने विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "लोआ बरी आहे का?"

म्हटलं, "घड्याळ वाजत होतं."

"मागे पडतं ते," ती म्हणाली.

डॉक्टर मंगळवारी आला होता. तू त्याला आधीच फोन केलेला दिसला, कारण त्याने पहिलाच प्रश्न लोआबद्दल विचारला. तुम्ही वारलेल्या शेजारणीशी बोलता का?

आई म्हणाली, "बोलत नाही. ठेव म्हणते."

"पण त्या ऐकतात, असं तुम्हाला वाटतं?"

"डॉक्टर, ऐकणाऱ्याला ठेव म्हणावं लागतं. नाहीतर इतरांनी फोन कसे करायचे? तुम्ही शहरातले, तुमचं वेगळं असतं."

तो हसला. तिला तारीख विचारली, पंतप्रधान विचारला. आदल्याच दिवशी निवडणूक झाली होती, नवा कोण ते तिला सांगता आलं. जुन्याचंही तिने आपलं मत दिलं, ते त्याला आवडलं. मग त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की माझ्या कानावर कधी असं काही आलंय का. भाऊ एखाद्या टेपबद्दल म्हणत होता.

खोटं बोलायला हवं होतं. टेप कोरी आहे, एवढंच. मी म्हटलं, "हो. मीही ऐकलंय."

त्याने पेन खिशात घातलं. दोघी एकमेकींना सांभाळून असा, म्हणाला, आणि वृद्धाश्रमाचं नवीन वर्षात बघू. आई ऐकत होती. मी मान हलवली.

नवीन वर्षात. तो असं म्हणाला तेव्हा दुसरी टेप मी आदल्याच संध्याकाळी ऐकली होती. त्याबद्दलच लिहायचं होतं. इतका वेळ त्याच्याभोवती फिरतेय.

गेल्या सोमवारी चर्चच्या बायकांची गोधडी शिवायची बैठक होती. आईला मी सकाळी तिथे सोडलं आणि शाळा सुटल्यावर घेऊन आले. दिवसभर घरात कोणी नव्हतं. फोन उचलायला कोणी नव्हतं. तरी तळघरात टेप अर्धी फिरलेली होती.

यावेळी लांबचा आवाज जवळजवळ नाहीच. वाऱ्यासारखं काहीतरी. जवळचं मात्र सगळं स्वच्छ आहे.

"रूनाने फोन लावलाय."

"कोणाला?"

"हाल्टीला. गेली, म्हणतेय."

"हा?"

"गेली. वेगा गेली."

घड्याळ ऐकू येतं. मग:

"कशी, विचारतोय. खुर्चीतच, म्हणतेय. जेवून बसली होती, ही ताट ठेवून आली तर गेलेली."

"रडतोय का?"

"नाही. इकडचं तिकडचं विचारतोय. जमीन खणता येईल का, विचारतोय. रूना म्हणतेय, वरून कडक झालीय, खाली मऊ आहे. सरोवर गोठलं नाही अजून, म्हणतेय."

"मग लवकरच म्हणायचं."

"हा. लवकरच." मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. "ठेवते मी आता. स्टेनी, कॉफी टाक. वेगा दारात आलीय."

आणि रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. या वेळी कोणी तिला ठेव म्हटलं नव्हतं.

मी दोन्ही कॅसेट स्टोव्हमध्ये घातल्या. फार वास आला, आई ओरडली, काय जाळतेस म्हणून. चिमटे काढले, यंत्र खोक्यात घातलं. तुझं तुला परत मिळेल. पण ऐकलेलं काढून टाकता येत नाही, आणि कॅसेट नाहीत म्हणून माझ्यावर विश्वास ठेव असं मी तुला म्हणूही शकत नाही. रूनाचंही डोकं फिरलं, तुला असं वाटेल. वाटू दे.

सकाळी अंगणात गेले आणि फावडं टेकवून पाय दिला. अजून सहज जातं. वरही मऊच आहे. दोन दिवसांनी थंडीची लाट आहे, असं रेडिओवर सांगतात.

मी एक विचार केलाय. तो बरोबर आहे की नाही ठाऊक नाही. तो अजून न झालेला फोन मी तुला करते. मी इथून, तू विनिपेगमधून ऐकतोस. पण तू इथेच असलास, याच टेबलाशी, आईच्या समोर, तर मी फोन कोणाला करणार? आणि मी फोन केलाच नाही, तर लोआला ऐकायला काय उरेल? हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. आईला जे व्हायचं ते एका फोनने अडत नाही, एवढं मला कळतं. तरी आणखी एक कळतं की टेपवर तू लांब होतास. तुला काय बोलावं सुचत नव्हतं. जमीन खणता येईल का, हे तुझे शेवटचे शब्द असू नयेत.

तू माझ्या नावाने आईला जे सांगितलंस, ते का सांगितलंस, हे मला माहीत आहे. तुला भीती वाटत होती की तू तिला इथे एकटं टाकलंस असं होईल. मी आहे ना इथे. ती एकटी नव्हती. त्यावर मी एक शब्द काढणार नाही, तूही काढू नकोस. आईने तर कधीच काढला नसता.

हेल्गाला सांग, मुलींना घेऊन मागून येऊ दे. तू आधी ये. पत्र मिळाल्यावर सकाळी निघालास तर दुपारच्या जेवणाला पोचशील. आईच्या शेजारची खुर्ची तुझी. तिचं ताट उचलायला मी आत जाईन तेव्हा तू तिच्याजवळ बसून राहा.

निघताना फोन करू नकोस. पोचलास की नुसतं दार लोट.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
रूना